संकल्प रथसप्तमीपर्यंतच का टिकतो? छंदांच्या आणि घरच्या संकल्पांची दुरुस्ती

दरवर्षीचं दुखणं असं. ३१ डिसेंबरच्या रात्री वहीत चार-पाच ओळी उतरतात: रोज पेटीचा रियाज, गॅलरीत भाजी, महिन्याला दोन पुस्तकं, माळा आवरायचा, रात्री सगळ्यांनी एकत्र जेवायचं. पहिला आठवडा हुरूप असतो. मग संक्रांत येते, तिळाच्या लाडवांत दोन संध्याकाळी जातात, हळदीकुंकवाची बोलावणी सुरू होतात आणि रथसप्तमी उलटेपर्यंत ती वही बिलांच्या गठ्ठ्याखाली गेलेली असते. पुढच्या ३१ डिसेंबरला पुन्हा त्याच ओळी.

माझ्याकडे हे ओळीने तीन वर्षं झालं. दर वेळी मी एकच निदान केलं, की माझ्यात चिकाटी नाही. ते निदान चुकीचं होतं हे फार उशिरा कळलं, म्हणून इतकं सविस्तर लिहिते आहे. मिक्सर चालता चालता बंद पडला तर आपण आधी प्लग बघतो, भांडं नीट बसलंय का बघतो, मग उलटा करून खालचं लाल बटण दाबतो. संकल्पही असाच क्रमाने तपासता येतो. ज्या बाईचे डबे रोज वेळेवर भरले जातात, जिची सकाळची लोकल चुकत नाही, तिच्यात चिकाटी नाही हे मला आता मुळीच पटत नाही.

आधी हे बघा: वस्तू हाताशी यायला किती वेळ लागतो?

माझी पेटी माळ्यावर होती. लग्नाआधी शिकत होते, भूप, यमन थोडंफार यायचं, मग संसारात ती वर गेली. तिसऱ्या वर्षी एका संध्याकाळी मी घड्याळ लावून बघितलं. गॅलरीतून स्टूल आणायचं, लेकाला हाक मारायची, त्याने स्टूल धरायचं, सुटकेसच्या मागून पेटी ओढायची, खाली घ्यायची, धूळ पुसायची, सतरंजी अंथरायची. अकरा मिनिटं गेली. वाजवलं दहा मिनिटं. परत वर चढवायला सहा. म्हणजे दहा मिनिटांच्या वाजवण्याला सतरा मिनिटांची हमाली, आणि तीही घरातल्या दुसऱ्या माणसाला अभ्यासातून उठवून. हे नऊ दिवसांच्या वर कुणाच्यानेही होणार नाही.

उपाय अगदी साधा होता, पण त्यासाठी दिवाणखान्यातली एक जागा रिकामी करावी लागली. टीव्हीच्या बाजूला एक छोटा रॅक होता, त्यात जुन्या सीडी आणि बंद पडलेले दोन फोन होते. तो रॅक काढला. तिथे एक पाट, पाटावर पेटी, वर आईच्या जुन्या इरकलीचा तुकडा. आता वाजवायचं म्हणजे कापड बाजूला करायचं, भात्याचा खटका सोडायचा, बसायचं. पाव मिनिटसुद्धा लागत नाही.

तुमच्या संकल्पाला हीच फूटपट्टी लावा. रंगपेटी कपाटात सगळ्यात खालच्या कप्प्यात असेल, शिवणयंत्रावर इस्त्रीचे कपडे साठत असतील, योगासनांची चटई पलंगाखाली मागे सरकलेली असेल, तर अडचण तिथे आहे. तयारी दोन मिनिटांच्या आत आणा. त्यासाठी घरातली दुसरी कुठली तरी वस्तू हलवावी लागेल. ती हलवायची तयारी नसेल, तर हा संकल्प या वर्षी घेऊच नका असं मी मनापासून सांगेन. आपल्या दोन खोल्यांच्या घरांत छंदाला जागा आपोआप मिळत नाही, ती कुणाची तरी काढून द्यावी लागते.

वेळ ठरवली आहे, पण ती कशाला बांधली आहे?

'रोज संध्याकाळी सात वाजता' असं मी लिहिलं होतं. पण आमच्याकडे सात वाजता काय असतं, याचा भरवसा नाही. गाडी उशिरा आली तर मी सात वाजता ठाण्याच्या फलाटावर असते. वेळेवर पोचले तर पाणी भरायचं असतं. घड्याळातले सात रोज वाजतात, पण ते माझ्या हातातले नसतात.

जे रोज होतंच, ते शोधा. आमच्याकडे रोज संध्याकाळी कुकर लागतो. मी कितीला घरी आले, पाहुणे आहेत की नाहीत, काहीही असो, वरण-भाताचा कुकर लागतो. तो गॅसवर ठेवल्यापासून तिसरी शिट्टी होऊन गॅस बंद करेपर्यंत पंधराएक मिनिटं जातात. पूर्वी त्या वेळात मी ओट्यापाशी उभी राहून फोन बघायचे. आता कुकर लावला की हात पुसून पेटीपाशी बसते. पहिल्या शिट्टीपर्यंत अलंकार, दुसरीपर्यंत भूपाचे आरोह-अवरोह, तिसरीपर्यंत जी बंदिश चालू असेल ती. तिसरी शिट्टी झाली की खटका लावून उठायचं. पेटीच्या आवाजात शिट्टी व्यवस्थित ऐकू येते, काळजी करू नका.

मानसशास्त्रात याचा बराच अभ्यास झाला आहे. पीटर गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये हे नीट मांडलं: 'मी हे करीन' एवढंच ठरवण्यापेक्षा 'अमुक झालं की मी तमुक करीन' असं ठरवलं तर गोष्ट होण्याची शक्यता वाढते. आपल्या घरांत ही अमुक-तमुकची जोडी काही नवी नाही. दिवा लावला की शुभंकरोती, आंघोळ झाली की तुळशीला पाणी. संध्याकाळी सहा बावन्नला शुभंकरोती असं कुणी लिहून ठेवलं नव्हतं, आणि तरी ते पिढ्यान् पिढ्या चालत आलं.

बांधताना एक काळजी घ्या. ज्याला बांधायचं, ती गोष्ट तुमच्या स्वतःच्या हातची असावी. 'मुलं झोपली की लिहायला बसेन' हे टिकत नाही, कारण मुलं कधी झोपतील ते मुलं ठरवतात.

'एकवीस दिवसांत सवय लागते' हा हिशोब डोक्यातून काढा

याने फार नुकसान केलं आहे. एकवीस दिवस म्हणजे १ जानेवारीला सुरू केलं तर २१ जानेवारी. तोपर्यंत नेटाने केलं, बाविसाव्या दिवशीही तेवढंच जड वाटलं, की माणूस म्हणतो आपल्याला काही जमायचं नाही, आणि सोडून देतो.

हा आकडा आला कुठून? मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन प्लॅस्टिक सर्जनने १९६० मध्ये लिहिलं होतं, की शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची रुग्णाला सवय व्हायला साधारण किमान एकवीस दिवस लागतात. त्यातला 'किमान' हा शब्द वाटेत गळाला आणि चेहऱ्याची गोष्ट सगळ्याच सवयींना चिकटली. पुढे युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला. तो २०१० मध्ये छापून आला. प्रत्येकाने रोजची एक छोटी गोष्ट निवडली आणि ती दिवसातल्या ठरलेल्या प्रसंगाला जोडून बारा आठवडे केली. ती अंगवळणी पडायला मध्यावर धरले तर ६६ दिवस लागतात असा त्यावरून अंदाज निघाला, आणि माणसामाणसांतला फरक होता १८ पासून २५४ दिवसांपर्यंत! जेवताना पेलाभर पाणी पिण्यासारखी गोष्ट लवकर बसते, व्यायामासारखी उशिरा.

याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. मधला एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर त्याचा म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही. मी तिसऱ्या वर्षी ज्या दिवशी सोडलं, तो हळदीकुंकवाचा दिवस होता. एक दिवस चुकला, दुसऱ्या दिवशी वाटलं साखळी तुटलीच आहे, आणि पेटी वर गेली ती वर्षभर. त्या एका दिवसाने काहीच बिघडलं नव्हतं, हे मला तेव्हा कुणी सांगायला हवं होतं.

संकल्पाला शेवट आहे का?

या प्रश्नाचं उत्तर मला घरातच मिळालं. माझ्या सासूबाई ऐंशीच्या घरात आहेत. वाईला असताना त्यांनी चातुर्मासात गोपद्मं काढली. तुळशीपुढे रोज तेहतीस गोपद्मं, पाच वर्षं, आणि मग उद्यापन. मी त्यांना विचारलं, रोज रोज कंटाळा नाही यायचा का. म्हणाल्या, "अगं, यायचा की. पण कार्तिकापर्यंतच काढायची आहेत हे ठाऊक असायचं ना. आणि तेहतीस म्हणजे तेहतीस, चौतिसावं कोण मागत होतं?"

मी कितीतरी वेळ त्याच वाक्यापाशी होते. आमचे जानेवारीचे संकल्प कसे असतात? 'आजपासून रोज.' कुठपर्यंत, त्याचा पत्ता नाही. रोज किती, तेही मोघम. वर्षाचे ३६५ दिवस एकदम समोर उभे राहतात आणि पहिल्या आठवड्यातच छाती दडपते. आपल्याकडचा नेम तसा कधीच नव्हता. आषाढी एकादशीला सुरुवात, कार्तिकीला समाप्ती, मापात बसणारं काम, आणि शेवटी उद्यापनाला गोडधोड, चार माणसं, कौतुक. व्रताची श्रद्धा कुणाला असो वा नसो, त्याची ही बांधणी मात्र फार शहाणपणाची आहे आणि छंदालाही ती हुबेहूब बसते.

म्हणून आता मी वर्षाचा संकल्प घेत नाही, पाडव्यापर्यंतचा नेम घेते. २०२६ चा गुढीपाडवा १९ मार्चला आहे. १ जानेवारी ते १८ मार्च धरले तर ७७ दिवस होतात, म्हणजे वरच्या ६६ दिवसांच्या पुढे चार दिवस सुटीचे आणि चार-सहा आजारपणाचे धरूनही हिशोब बसतो. पाडव्याला उद्यापन. त्यानंतर पुन्हा विचार करायचा: हाच नेम पुढे न्यायचा, वाढवायचा, की सोडायचा. सोडला तरी तो पुरा करून सोडलेला असतो, आणि मनाला ते फार वेगळं लागतं. ज्यांना पावसाळ्यातलं काही करायचं आहे त्यांना चातुर्मास आहेच. यंदा ज्येष्ठ अधिक असल्यामुळे आषाढी उशिरा, २५ जुलैला आहे.

नेमाचं मापही सासूबाईंसारखं आकड्यात ठेवा. 'रियाज करीन' याऐवजी 'तीन शिट्ट्या'. 'वाचन वाढवीन' याऐवजी 'दहा पानं'.

खूण कुठे करता?

हे छोटं आहे, पण माझ्याकडे सगळ्यात जास्त उपयोग याचा झाला. मी आधी फोनवर सवयी नोंदवायचं एक अॅप घेतलं होतं. त्यात रोज टिक करायची. अॅप उघडायला फोन हातात घेतला की तीन निरोप दिसायचे, आणि टिक करायची राहून जायची. मग सुंदर वही घेतली, ती कपाटात गेली.

आमच्या फ्रिजशेजारी भिंतीवर कॅलेंडर आहे. १९७३ पासून मराठी घरांत कालनिर्णय टांगलेलं असतं आणि त्यावर तिथीपेक्षा आपलीच लिखापढी जास्त असते. दूध किती घेतलं, मावशी कधी आल्या नाहीत, गॅस कधी लावला. दूध मी रोज सकाळी लिहितेच: एक, दीड, पाहुणे असले की दोन. त्याच चौकोनात कोपऱ्यात आता 'पे' लिहिते. दुधाचा आकडा लिहिताना काल संध्याकाळचं आपोआप आठवतं. आणि ते घरातल्या सगळ्यांना दिसतं. लेक एकदा म्हणाला, "आई, तुझे तीन दिवस 'पे' नाहीत." तो ओरडत नव्हता, त्याला ते सहज दिसलं होतं, आणि त्या संध्याकाळी मी बसले.

बाग मार्चमध्येच का सुकते?

गॅलरीतल्या भाजीचा संकल्प मोडतो त्यामागे बहुतेक वेळा हंगामाची गल्लत असते. जानेवारीत आपण कोथिंबीर-मेथी लावतो आणि ते बरोबरच आहे. धणे लाटण्याने हलके रगडून दोन भाग करायचे, रात्रभर भिजवायचे, पेरायचे. आठ-दहा दिवसांत उगवतात. मेथी तर तीन-चार दिवसांत वर येते आणि महिन्याभरात कापायला होते. पहिल्या जुडीचा आनंद असतो, मग तेच परत पेरलं जातं. पण मार्चच्या उन्हात कोथिंबीर वाढायच्या आधीच फुलावर येते, पानं बारीक आणि रोपं किडकिडीत होतात. आपल्याला वाटतं आपला हात वाईट. हात चांगला आहे, कोथिंबिरीचा मोसम गेलेला आहे. तिथे भेंडी, गवार, चवळी, अंबाडी लावा. भेंडीला कुंडी निदान बारा इंच खोल हवी आणि पाच-सहा तास ऊन.

दुसरं कारण म्हणजे मे महिना. आठ-दहा दिवस गावी गेलो की परत आल्यावर कुंड्यांत काड्या. यावर ठिबकची महागडी साधनं मी वापरून बघितली, त्यांचा काही उपयोग झाला नाही. सगळ्या कुंड्या उन्हातून काढून सावलीत एकमेकींना चिकटवून ठेवायच्या, मातीवर वाळलेल्या पानांचा जाड थर द्यायचा, आणि शेजारच्या काकूंना दिवसाआड पाणी घालायला सांगायचं. येताना त्यांच्यासाठी फणसाचे गरे आणायचे. नाहीतर सरळ असं ठरवा, की बागेचा नेम एप्रिलच्या मध्यापर्यंतच आणि पुन्हा जूनपासून.

दुसऱ्यांच्या वतीने घेतलेला संकल्प

'रात्री सगळ्यांनी एकत्र जेवायचं, फोन बाजूला ठेवून.' हा मी एकटीने वहीत लिहिला होता आणि २ जानेवारीला जेवताना सगळ्यांना सांगितला. नवरा नऊला घरी येतो, सासूबाईंना साडेसातला भूक लागते, लेकाचा क्लास साडेआठला सुटतो. चार दिवस सगळे माझ्यासाठी थांबले, पाचव्या दिवशी सासूबाई उपाशी बसलेल्या बघून मलाच वाईट वाटलं. माझ्या चांगल्या हेतूने घरात कुरबुर सुरू झाली होती.

दुसऱ्या वेळी मी सगळ्यांना आधी विचारलं, आपण चौघं एका वेळी घरात असतो ते कधी. उत्तर निघालं: रविवारची न्याहारी. आठवड्यातून एकदाच, पण ती टळत नाही. पोहे नाहीतर थालीपीठ, चौघांचे फोन फ्रिजवर, आणि काय करायचं ते दर रविवारी वेगळा माणूस ठरवतो. नवऱ्याच्या वाट्याला आलेल्या रविवारी त्याने स्वतः घावन घातले. घरच्यांना लागू होणारा संकल्प घरच्यांनीच आखायला हवा, याबद्दल माझं मत आता ठाम आहे. आणि ज्या घरात दहावी-बारावीचं मूल आहे तिथे फेब्रुवारी-मार्चमध्ये असं काही नवं लादूच नका.

बाकीचं थोडक्यात

वाचन: महिन्याला दोन पुस्तकं हा आकडा सोडा. झोपण्याआधी दहा पानं धरली तर वर्षाला साडेतीन हजारांवर पानं होतात, म्हणजे दोनशे-अडीचशे पानांची पंधरा-अठरा पुस्तकं. फोनचा चार्जर बेडरूममधून बाहेर काढा, पुस्तक उशीपाशी ठेवा.

घरखर्चाची वही: रोज प्रत्येक जुडीचा हिशोब लिहायला जाऊ नका. मोबाइलवरून दिलेले पैसे बँकेच्या विवरणात येतातच. फक्त रोख खर्च लिहा, आणि आठवड्यातून एकदा, कॅलेंडरवर.

माळा: तो एका सुटीत आवरत नाही. दर शनिवारी एक पिशवी खाली काढायची, उघडायची, निकाल लावायचा: ठेवायचं, नाहीतर काढून टाकायचं. दोन निकालांत न बसणारी वस्तू घरातल्या दुसऱ्या माणसाला दाखवायची आणि तो सांगेल ते ऐकायचं.

आणि एका वेळी एकच नेम. पाच संकल्पांना पाच कुकर कुठून आणणार?

आत्ताच मोडला असेल तर

रथसप्तमी यंदा २५ जानेवारीला होती. त्या दिवशी सगळं सुटलेलं असलं तरी २६ जानेवारीपासून पाडव्याच्या आदल्या दिवसापर्यंत ५२ दिवस मिळतात. राहिलेले दिवस भरून काढायला जाऊ नका. आज दुप्पट रियाज करून कालचा फेडायचा, असं केलं की परवा हात दुखतात आणि तेरवा कंटाळा येतो. आज तीन शिट्ट्या, बस. कॅलेंडरवर मोकळ्या राहिलेल्या चौकोनांत काही लिहू नका, ते तसेच असू देत.

मागच्या वर्षी १ जानेवारीपासून पाडव्यापर्यंत ८८ दिवस होते आणि माझ्याकडे ६४ 'पे' आहेत. पाडव्याला गुढी उभारून झाल्यावर सासूबाईंना आरामखुर्चीत बसवलं आणि भूपातली बंदिश सलग वाजवली, दोनदा अडखळत. त्यांनी हातावर ताल धरला होता. यंदा यमन घेतला आहे, तीव्र मध्यमावर बोट अजून उशिरा जातं. श्रीखंडाला चक्का कधी टांगायचा ते कॅलेंडरवर १८ मार्चच्या चौकोनात लिहून ठेवलं आहे, 'पे'च्या शेजारी.